परमुलुखात गेलेली पोरे

पन्हाळगड म्हटला की सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद आणि बाजीप्रभू आठवतात. सहलीला गेलेल्याला तीन दरवाजा, अंबारखाना आणि गडावरची झुणका-भाकरी आठवते. पण याच गडावर १८७७ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने आपले ठाणे मांडले होते, हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असते. कोल्हापुरापासून चौदा मैल, तीन हजार फुटांवर उंची आणि गार हवा. उन्हाळ्याने हैराण होणाऱ्या गोऱ्या माणसाला ती मानवली असणार. आठ-दहा हजार मैलांवरचे घर सोडून ही माणसे इथे आली. ती राहायची कशी, दिवसभर करायची काय, आणि त्यांच्या घरच्यांचे काय होत असे? आज त्याविषयी थोडे.

धर्मप्रचारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा पाद्री येतो. पण अमेरिकेतल्या युटा राज्यात ज्यांचे मुख्य ठाणे आहे त्या मॉर्मन पंथात हे काम पोरासोरांचे आहे. मुलगा पूर्वी एकोणीस वर्षांचा झाला की जाई. २०१२ पासून अठराव्या वर्षी जातो. मुलाला दोन वर्षे, मुलीला दीड वर्ष. कुठे जायचे ते पोराने ठरवायचे नाही, चिठ्ठी येईल तो देश आपला. पगार नाही. उलट खर्च त्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच सोसायचा. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी. पट्टीवर स्वतःचे नाव नाही, फक्त आडनाव, आणि त्याच्यापुढे ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा! मिसरूड फुटलेल्या पोराला वडीलधारा म्हणायचे म्हणजे गंमतच.

दिवस मात्र गमतीचा नाही. नेहमीचा नेम असा, की सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम, मग ग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास, आणि नंतर बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. एकट्याने कुठेही जायचे नाही, नेमून दिलेला जोडीदार चोवीस तास बरोबर. तो आवडो वा न आवडो, एका खोलीत राहायचे, एकत्र रांधायचे आणि एकत्र दारे वाजवायची. त्या काळात मुलीबरोबर फिरणे नाही. आठवड्यातून एक दिवस कपडे धुवायला, बाजार करायला आणि घरी पत्र लिहायला. बाकी दिवस लोकांच्या दारात. दहा दारे वाजवली तर नऊ तोंडावर बंद होतात. घरात आईने ताट वाढून दिलेला पोरगा तिथे पहिल्यांदा नकार पचवायला शिकतो. काही जण मधूनच घरी परततात आणि मग त्यांच्या गावात लोक काय म्हणतील याचीच धास्ती त्यांना जास्त असते. लोक काय म्हणतील हे दुखणे काही आपल्याच वस्तीचे नाही.

हा पंथ आपल्या मुलखात नवा नाही. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन १८५२ सालीच मुंबईत उतरला होता. पुढे तो पुण्याला गेला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत थारा दिला नाही, कारण गोऱ्या शिपायांत कोणी नवा पंथ काढावा हे त्यांना रुचले नाही. तरीही १८५३ मध्ये त्याने पुण्यात मूठभर माणसांचा संघ जमवला. तो टिकला नाही, आणि चार-पाच वर्षांत मॉर्मन मंडळींनी हिंदुस्थानातला गाशा गुंडाळला. पुढे फार वर्षांनी, १९९३ साली, त्यांचे मिशन बंगलोरला रीतसर सुरू झाले.

योगायोग असा, की त्याच १८५२ सालच्या डिसेंबरात रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला. व्हरमाँट प्रांतातला हा माणूस १८४६ साली पत्नी एलायझासह हिंदुस्थानात आला होता आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शाळांचे काम करत होता. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. बोस्टनहून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-पाच महिने लागत. घरी पत्र पाठवले तर उत्तर येईपर्यंत ऋतू बदलून जाई. आई वारली हे मुलाला तिची माती होऊन कित्येक महिने उलटल्यावर कळायचे.

कोल्हापुरात स्वागत कसे झाले? या माणसाला हद्दपार करा, असा अर्ज दरबाराकडे गेला. तरी तो राहिला. अशा माणसाचा दिवस सुरू व्हायचा तो पंतोजीपुढे मराठीचा धडा घेऊन. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ सालीच निघालेला होता, पण कोशाने जीभ वळत नाही. ज्याला ‘ळ’ आणि ‘ण’ म्हणता येत नाही त्याने ‘पन्हाळा’ तरी कसा म्हणावा! मग बाजारात उभे राहून बोलायचे, पोरे हसायची ती सोसायची. थंडीत तंबू बैलगाडीत टाकून खेडोपाडी हिंडायचे. पटकीची साथ आली की गोरा-काळा असा भेद ती करत नसे. वायल्डरच्या तीस वर्षांच्या कामाची नोंद अमेरिकन चरित्रकोशात आहे. तीन हजारांहून अधिक गावांत प्रवचने आणि शाळांतून तेहतीसशे विद्यार्थी, त्यांत तीनशे मुली. त्या काळात तीनशे मुली!

या शाळांवरूनच त्याचे आपल्या वरिष्ठांशी बिनसले. १८५४-५५ साली बोस्टनहून मंडळाचे चिटणीस रुफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचे म्हणणे, आपण प्रवचन करायला आलो आहोत, शाळा चालवायला नाही. इंग्रजी शाळांना कात्री लागली. वायल्डरला ते पटले नाही. त्याने १८६१ साली मिशन शाळांवर पुस्तकच लिहिले, आणि मंडळाचा आधार सुटला तरी त्याच साली तो कोल्हापूरला परतला. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाने त्याला आपल्याकडे घेतले, तोवर तो स्वतःच्या हिमतीवर राहिला. आमच्या मते या माणसाचे मोठेपण इथे आहे. धर्म वाढवण्यासाठीच तो आला होता, यात आडपडदा नको. पण शाळा बंद करा म्हटल्यावर नोकरी सोडणारे किती निघतात?

आता घरातल्या बाईचे. मिशनऱ्याच्या बायकोचे नाव अहवालात क्वचितच येते. ती ‘अमुक साहेबांची पत्नी’ असते. पण मुलींच्या शाळा बहुतेक बायकांनीच चालवल्या. सिंथिया फॅरार ही तर अविवाहित बाई. १८२७ साली बत्तीसाव्या वर्षी ती मुंबईत उतरली, १८३९ पासून अहमदनगरला मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ साली तिथेच वारली. जोतीराव फुले यांनी तिची शाळा पाहिली आणि त्यातून आपल्या मुलींच्या शाळेची प्रेरणा घेतली. सावित्रीबाईंनीही तिच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. एका एकट्या बाईच्या घर सोडण्याचा धागा असा आपल्या घरापर्यंत येतो. आज आपल्या मुली नर्सिंग शिकून आखातात जातात, तेव्हा ‘एकटी मुलगी कशी पाठवायची’ म्हणून घरात रडारड होते, ती पाहिली की हिची आठवण होते.

मिशनरी आईच्या वाट्याला आणखी एक दुःख असे. इथे पोरे कॉलऱ्याने, तापाने जात, आणि जगली तर सहा-सात वर्षांची झाल्यावर शिकायला अमेरिकेला धाडावी लागत. आई इकडे, पोर तिकडे. दुसऱ्यांची पोरे शिकवायची आणि आपली पत्रातून वाढताना बघायची.

पन्हाळ्याचे ठाणे पुढे फार काळ गडावर राहिले नाही. गडावर हवा चांगली, पण माणसे खाली वारणेकाठी. १८९०च्या सुमारास काम कोडोलीकडे सरकले, तिथे शाळा आणि दवाखाना निघाला. सांगली-मिरजेकडे विल्यम वानलेस हा चोवीस वर्षांचा डॉक्टर १८८९ साली आला आणि मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. गोऱ्या माणसाचे ऐकले कोणी? आपल्या पश्चिम महाराष्ट्रात बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार-मांग वस्तीतलेच. ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरही जागा नव्हती त्यांच्या हाती कोणी पाटी दिली तर ते जाणारच. कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम शाहू महाराजांनी काढला तो १९१९ साली, म्हणजे मिशन पन्हाळ्यावर आल्यानंतर बेचाळीस वर्षांनी.

पण देवळाबाहेर ठेवलेली जात चर्चच्या दारातून आत शिरलीच. लग्ने जातीत जुळत राहिली. वर सरकारी कायद्याने आणखी एक कोंडी केली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, १९५६ साली शिखांना दिल्या, आणि आपल्याला मिळायला १९९० उजाडले. ख्रिस्ती झालेल्यांना त्या अजून नाहीत. एकाच वस्तीतल्या दोन भावांपैकी एकाच्या नातवाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याच्या नातवाला नाही, ही स्थिती आपल्या डोळ्यांसमोरची आहे. या मुलांचा प्रश्न आपल्याही सभांत निघायला हवा, असे आम्हाला वाटते.

वायल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. १८७०च्या दशकात कुटुंब अमेरिकेला परतले. १८८६ साली तिथल्या माउंट हर्मन शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जाण्याची तयारी दाखवली. त्यामागे धडपड होती ती या कोल्हापूरच्या पोराची. त्या चळवळीतून पुढे वीस हजारांवर तरुण-तरुणी देशोदेशी गेले. रॉबर्ट स्वतः १८९२ मध्ये हिंदुस्थानात परत आला.

मॉर्मन पोरांना आपल्या आईशी फोनवर बोलायची मुभा २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. त्या वर्षी नियम बदलला, आता आठवड्याला बोलता येते. एलायझा वायल्डरच्या काळी असे काही नव्हते. नवरा १८८७ साली न्यूयॉर्कला वारल्यावर ती अमेरिकेत थांबली नाही. आपली मुलगी ग्रेस हिला घेऊन ती पुन्हा कोल्हापूरला निघून आली, आणि पुढे दोघींनी इस्लामपुराकडे खेड्यांतल्या बायकांत काम केले. कोल्हापुरात लहानपण गेलेल्या ग्रेसला मराठीसाठी पंतोजी लावायची गरज पडली नसणार. कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च आजही उभे आहे.