नवरा परागंदा आणि बायको दावणीला!

शेतकरी व कारागीर बांधवांनो आणि मायबहिणींनो! गोठ्यांतील गाय हरवली तर आपण चार गांवें पालथीं घालतों, बाजारांत दवंडी पिटतों. पण घरचा जवान मुलगा बायकोपोरें टाकून परागंदा झाला तर काय करतों? त्याचा शोध चार दिवस करतों, आणि पुढें जन्मभर त्याच्या बायकोला दावणीला बांधून ठेवतों! ती उन्हातान्हांत खुरपते, ओझीं वाहते, सासूसासऱ्यांचें करते. आणि ज्याच्या नांवाचें कुंकू लावते तो मुंबईस आहे कीं सुरतेस, जिवंत आहे कीं मेला, हें कोणासही ठाऊक नसतें. ना सधवा, ना विधवा, ना मोकळी! अशा बायका गांवोगांव आहेत, आणि त्यांना अडकवून ठेवणारे आपणच आहोंत.

“धर्म आड येतो,” असें कोणी म्हणतात. कोणता धर्म? पराशरस्मृतींतच, नवरा नाहींसा झाला असतां बाईला दुसरा नवरा करण्याची मोकळीक सांगितली आहे. त्याच आधारावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं विधवाविवाहाची बाजू मांडली आणि १८५६ सालीं तसा कायदा झाला. आपल्या कष्टकरी जातींत तर काडीमोड आणि पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ज्यांच्या घरीं पाट नव्हता त्यांनीं तो हलका ठरविला, आणि आपल्यांतील चार पैसेवाले त्यांचें पाहून सोवळे झाले! दुसऱ्याची सोंवळीं आपण आपल्या लेकींच्या गळ्यांत कां बांधावीं? शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत १९१९ सालीं काडीमोडीचा कायदा केला. सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास १९३१ सालीं घटस्फोटाचा कायदा केला. आपले राजे पुढें गेले, आणि आपण मागें बसलों!

दुसरा अडसर पंचांचा. “पंच बसवा, दंड भरा, मग बाई मोकळी करूं,” असें ते म्हणतात. बांधवांनो, नीट ऐका! नवरा जिवंत असतां दुसरें लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाहीं, असें मुंबई हायकोर्टानें १८७६ सालींच ठरविलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें रूढीचा काडीमोड राखून ठेवला आहे खरा. पण ती रूढी कोर्टांत शाबीत करून द्यावी लागते. आणि काडी मोडावयाची ती दोघांनीं. एक मुळींच जागेवर नसतां पंच कोणाची काडी मोडणार? दंडाचा पैसा पंचांच्या खिशांत जातो, आणि बाईच्या हातांत चिटोरा उरतो. उद्यां नवरा उगवला तर त्या चिटोऱ्याच्या भरंवशावर केलेलें लग्न कोसळूं शकतें. “कोर्टांत गेलीस तर वाळींत टाकूं,” असें जे पंच म्हणतील त्यांना सांगा कीं, महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें वाळींत टाकणें हाच गुन्हा आहे!

मग वाट कोणती? त्याच १९५५ च्या कायद्यांत दोन दारें आहेत. पहिलें दार सात वर्षांचें. नवरा जिवंत असता तर ज्यांच्या कानीं त्याची खबर सहज आली असती, अशा माणसांना सात वर्षें त्याचा पत्ता नसेल, तर घटस्फोट मागतां येतो. दुसरें दार दोन वर्षांचें. नवरा सबळ कारणावांचून, बायकोच्या मर्जीविरुद्ध, कायमचा टाकून गेला असेल आणि त्याला सलग दोन वर्षें झालीं असतील, तर तोही घटस्फोटाचा आधार आहे. तो टाकूनच गेला हें मात्र पुराव्यानें दाखवावें लागतें. कामावर गेला आणि वाटेंतच नाहींसा झाला, त्याची गोष्ट पहिल्या दाराची. पण भांडून, दागिने घेऊन, दुसरी करून जो पळाला, त्याच्यासाठीं सात वर्षें कशाला झिजावयाचें? ही गोष्ट बायकांना कोणी सांगत नाहीं. बायको नाहींशी झालेल्या पुरुषालाही हींच दोन दारें आहेत.

येथें सासरची मंडळी एक कावा करतात. बाईनें कोर्टाचें नांव काढलें कीं लगेच म्हणतात, “परवांच त्याचा फोन आला होता!” ठीक आहे! मग पत्ता द्या. तो जिवंत असून घरीं येत नाहीं, तर त्यानें बायकोला टाकलें हें तुम्हीच कबूल केलें. आणि पत्ता नसेल तर फोनची बात खोटी. दोन्हीं बाजूंनीं बाई मोकळी होते. हा प्रश्न त्यांना चार माणसांदेखत विचारा.

“समन्स बजावणार कोणाला?” हा तिसरा बागुलबुवा. दिवाणी कायद्यांत त्याची तजवीज आहे. नेहमींच्या रीतीनें समन्स बजावतां येत नाहीं अशी कोर्टाची खात्री झाली, म्हणजे तें कोर्टाच्या इमारतीवर आणि नवऱ्याच्या शेवटल्या घरावर चिकटवितां येतें, किंवा त्या भागांत खपणाऱ्या दैनिकांत छापतां येतें. तरीही तो हजर झाला नाहीं तर दावा एकतर्फी चालतो. बाईला सासरच्या गांवींच खेटे घालावे लागत नाहींत. ती राहते तेथील कोर्टांत दावा लावतां येतो. पोलिसांत हरवल्याची नोंद, परत आलेलें पत्र, शेजाऱ्यांची आणि दिराची साक्ष, हा पुरावा आजपासूनच जपून ठेवा. वकिलाच्या फीची धास्ती घेऊं नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक बाईला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे अर्ज करा.

मात्र लबाडी करूं नका. पत्ता ठाऊक असून लपविला तर एकतर्फी हुकूम मागाहून रद्द होऊं शकतो. हुकूम झाल्यावर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपेपर्यंत लग्न लावूं नका. आणि “सात वर्षें झालीं, आतां आपोआप मोकळी,” ही समजूत तर साफ चुकीची! सात वर्षांनंतर दुसरें लग्न केल्यास, खरी हकीकत नव्या नवऱ्याला सांगितली असेल तर, शिक्षेंतून सूट मिळते. पण पहिलें लग्न कोर्टाच्या हुकमावांचून तुटत नाहीं.

आतां सरकारला एक सवाल. १९३९ च्या कायद्यानें मुसलमान भगिनीचा नवरा चार वर्षें बेपत्ता असेल तर तिला फारकत मागतां येते. मग कुणब्याच्या, सुताराच्या लेकीला सात वर्षें कां? सातांचा हा हिशोब इंग्रजानें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत घातला, तेव्हां आगबोटीनें पत्र जात असे. आज खिशाखिशांत फोन असतां तीच मुदत कां? ही मुदत कमी झालीच पाहिजे, असा ठराव ग्रामसभांतून करून पाठवा.

बांधवांनो, सुनेला मोकळें केल्यानें घराची अब्रू जात नाहीं. अब्रू गेली ती मुलगा पळाला त्या दिवशीं! ती परत मिळवावयाची असेल तर त्याच सुनेच्या बाजूनें कोर्टांत साक्षीला उभे राहा.