डॉल्फिन रोज दिसतात, नोंद कुठंय?

चिरनेर : आपलं गाव डोंगराच्या पायथ्याशी, पण उरण तालुक्याचं बरंचसं पोट समुद्रावर. करंजा-मोऱ्याच्या नाखव्याला डॉल्फिनचं विचारा, त्याला नवल वाटणार नाही. पण कुठल्या तारखेला, कुठं, किती होते, असं विचारलं की गाडी अडते.

या नोंदीला आता बाजारभाव आलाय. मासेमारीत डॉल्फिन, देवमासे मरू नयेत म्हणून आपल्यासारखीच काळजी न घेणाऱ्या देशांची मासळी अमेरिका १ जानेवारी २०२६ पासून घेणार नाही, असा तिथला नियम. हा दणका आपण आधी खाल्लाय. जाळ्यातून कासव सुटायची सोय नाही म्हणून समुद्रातल्या भारतीय कोळंबीला अमेरिकेने २०१९ मध्ये दार बंद केलं. तळ्यातली चालू राहिली.

म्हणूनच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया यांनी समुद्रात पाहणी सुरू केली. बोट ठरलेल्या रेषेत जाते, निरीक्षक दोन्ही बाजूंना नजर ठेवतात. प्राणी दिसला की वेळ, जीपीएस, अंतर, संख्या, सोबत पिल्लू आहे का, हे सगळं लिहितात. काहीच दिसलं नाही तरी किती तास पाहिलं ते लिहितात, आणि खरी मेख इथंच आहे. दहा डॉल्फिन दहा तासांत दिसले की शंभर तासांत, यावर सगळा हिशोब फिरतो.

उरणला तेल-वायू नवा नाही. समुद्रात तेल शोधताना पाण्यात आवाजाचे धमाके करतात. ब्रिटनच्या नियमावलीत त्याआधी किमान अर्धा तास निरीक्षक पाणी न्याहाळतो. ५०० मीटरच्या आत प्राणी दिसला तर धमाके पुढे ढकलतात.

आपल्याकडे मात्र देवमासा मेला की बातमी होते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. त्याच वर्षी सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ जिवंत निळे देवमासे संशोधकांनी नोंदवले, ते किती जणांना ठाऊक?

कोळी बांधव गप्प का राहतात, तेही समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिनला संरक्षण आहे. जाळ्यात सापडला असं सांगितलं तर केस होईल, ही भीती. खरं तर जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, अशी राज्याची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. मोबाईल तर प्रत्येक बोटीत आहे! पण ही गोष्ट खात्याने बंदरावर येऊन सांगायला हवी, जीआर काढून भागत नाही.

तोवर मच्छीमार सोसायट्यांनी एक वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, संख्या. आणि काहीच न दिसलेले दिवससुद्धा. फोटोसाठी डॉल्फिनच्या मागे बोट पळवू नका. लांबूनच काढा, लोकेशन चालू ठेवा.