पाडव्याचा विसार

बलिप्रतिपदेच्या कीर्तनात वामनावताराचे आख्यान लावण्याचा आमच्या घराण्याचा प्रघात आहे. हवे ते माग, असे बळी म्हणाला. बटूने स्वतःच्या पावलांनी मोजून तीन पावले भूमी तेवढी मागितली. तेवढ्यात ज्याचे समाधान नाही, त्यास एक द्वीप दिले तरी सात द्वीपांची हाव सुटेल, असा त्याचा अभिप्राय श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधात आला आहे. श्रोते माना डोलावतात. त्यांपैकी कित्येक जण त्याच सकाळी भूखंडाचा वा सदनिकेचा विसार देऊन आलेले असतात!

मुहूर्तास माझा विरोध कसा असेल? परंतु मुहूर्त कार्यारंभाचा असतो, विचाराचा नव्हे. वधूवरांची निवड झाल्यावर आपण लग्नतिथी काढतो; तिथी काढून मांडवात वर शोधीत नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. (त्या दिवशी नोंदणी कार्यालयास सुटी असते. म्हणजे मुहूर्तावर होते काय, तर केवळ पैसे हातचे जातात.)

हे मी अनुभवाने लिहितो. १९९६ सालच्या पाडव्यास गावाबाहेरील तीन गुंठ्यांसाठी मी विसार दिला. ‘दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ एवढे एक वाक्य पुरले. जमीन बिनशेती झालेली नव्हती; पुढे उरलेली रक्कमही दिली, पण सातबारावर माझे नाव चढले नाही. काही वर्षांनी शेजारच्या शेतकऱ्याने थोड्या कमी किमतीत तुकडा मागितला. मी नकार दिला. मुलीच्या शिक्षणासाठी पतपेढीचे कर्ज काढले, व्याज भरले, पण दिलेल्या किमतीच्या खाली उतरलो नाही. सुईच्या अग्राएवढीही भूमी न देणाऱ्या दुर्योधनावर मी त्याच काळात रसाळ निरूपणे करीत होतो.

मनाची ही खोड पाश्चात्त्य पंडितांनी मोजून पाहिली आहे. लाभाच्या सुखाहून तेवढ्याच हानीचे दुःख अधिक बोचते, हे डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या सदनिकांचे व्यवहार तपासले, तेव्हा तोट्यात विकण्याची वेळ आलेले मालक चढी किंमत सांगून अधिक काळ अडून बसत, असे आढळले. त्याहून उद्बोधक प्रयोग १९८७ सालचा, ॲरिझोनातील टूसॉन शहरातला. नॉर्थक्राफ्ट आणि नील या अभ्यासकांनी मुरलेल्या दलालांना एकच घर दाखविले, माहितीपत्रही एकच दिले. केवळ मालकाने मागितलेली किंमत निरनिराळी लिहिली. जसा आकडा वाचला, तसे ज्याचे त्याचे मूल्यमापन सरकले. आणि आकड्याचा प्रभाव पडला, हे बहुतेकांना मान्यच नव्हते! जिथे जाणत्यांची ही गत, तिथे सणाच्या जाहिरातीतला आकडा वाचून निघालेल्या गृहस्थाची काय कथा? बटूने भूमी स्वतःच्या पावलांनी मोजली. आपण विक्रेत्याच्या आकड्याने मोजतो.

यंदा भाचा मुहूर्त विचारावयास आला. मी आधी सातबारा, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि त्याच्या पगाराचा हिशेब मागितला. कागद अद्याप पुरते वाचून झालेले नाहीत. म्हणून पाडव्यास विसार द्यावयाचा नाही, तुळशीचे लग्न लागल्यावर पाहू, असे ठरले आहे. विक्रेत्याचे रोज दोन दूरध्वनी येतात, आणि माझी बहीण माझ्याशी नीट बोलत नाही.