कोफ्त्याचे सालन आणि गुळाचा हिशेब

कपड्याच्या दुकानात बसणाऱ्याला एक गोष्ट रोज सांभाळावी लागते. पॉलिस्टर मिसळलेला तागा अस्सल सुती म्हणून विकता येत नाही. विकला तर चैत्राच्या उन्हात कपडा अंगाला चिकटतो आणि गिऱ्हाईक परत येऊन भांडते. भांडायला आलेच नाही तर अधिक वाईट, कारण मग ते कायमचे गेलेले असते. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच माप मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते, हे आम्हाला उर्दू शाळेच्या बाकावर असल्यापासून पाठ आहे. मात्र हाच इशारा जेवणाच्या हंडीलाही लागू आहे, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

दौंडला एका लग्नाची दावत होती. खट्ट्या-मिठ्या सालनातले कोफ्ते होते, चिंच-गुळाचे, वर तेलाचा तवंग आलेले. आमच्या दस्तरखानावर बसलेल्यांत निम्मे तरी शुगरचे दुखणेकरी. वाढणारा भटारी प्रत्येकाला प्रेमाने सांगत होता, "चाचा, बेफिकर लेव, शक्कर नै, गूड है." आणि चाचा मंडळी बेफिकीर घेत होती. एकाच्या पायाला पट्टी होती. त्याने दोनदा घेतले.

त्या भटाऱ्याला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही स्वतः वर्षभर हेच केले. शुगर निघाली त्या दिवशी चहातली साखर बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला. घरी कोफ्ते होत, त्यात गुळाचा खडा पूर्वीसारखाच पडत होता. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी रक्ततपासणी असते, तिचा आकडा वर्षात ७.१ वरून ८.४ वर गेला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर साखर आणि गूळ एकाखाली एक लिहिले आणि दोघांना मिळून एक कंस घातला. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती. दोन्ही एकाच खात्याच्या रकमा होत्या.

गुळाच्या मुलखातील गैरसमज

शिरूरहून न्हावरे-चौफुल्यावरून दौंडकडे निघालो की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. खडकवासल्याच्या कालव्याने दौंड तालुक्यात ऊस आणला, घोड आणि भीमेच्या पाण्याने शिरूरला. कारखाने उभे राहिले, तशी केडगावच्या बाजूला गुऱ्हाळेही चालू राहिली. गुऱ्हाळावरचा गरम गूळ खात आमची पिढी वाढली. तेव्हा गूळ हा औषधी, घरचा, निर्दोष, आणि साखर तेवढी कारखान्याची, वाईट, अशी समजूत इथल्या हिंदू-मुसलमान सर्वांच्याच मनात घट्ट बसली आहे.

गुळात साखरेपेक्षा थोडे क्षार अधिक असतात, हे खरे. पण गुळात बहुतांश साखरच असते. रक्ताला गुऱ्हाळ आणि कारखाना यांतला फरक कळत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतून दिसते की आपल्या ताटातील ६० टक्क्यांहून अधिक उष्मांक पीठ, भात आणि साखर यांतून, म्हणजे पिष्टमय पदार्थांतून येतात. मांस, अंडी, डाळी यांतून मिळणारे प्रथिन कमी पडते.

आम्हा दुकानदारांचे तर विचारूच नका. सकाळी दहाला गादीवर बसलेला माणूस रात्री नऊला उठतो. शिवणयंत्रावरचा कारागीर, घड्याळ दुरुस्त करणारा, जरीकाम करणारा यांचीही गत तीच. मध्ये गिऱ्हाइकाबरोबर पाच-सहा गोड चहा, सोबत खारी किंवा बिस्कीट. दुपारचा डबा गर्दी असेल तर चारला उघडतो. रोजमेळ रोज लिहितो, उधारीची वही तोंडपाठ असते, पण ज्या देहाच्या भांडवलावर दुकान चालते त्याची मोजणी आम्ही करीत नाही. पायाची जखम चिघळली म्हणून दोन महिने दुकान बंद राहिले, की मग हिशेब कळतो.

हंडीचा जमाखर्च

म्हणून कोफ्ते सोडावेत काय? आमचे मत उलट आहे. कोफ्ता हा आमच्या घरातील मुळातच चांगला पदार्थ आहे. फारसीत कुटणे या क्रियेवरून त्याचे नाव आले. कुटलेले मांस, एवढाच त्याचा अर्थ. खिम्यात पिष्ट जवळजवळ नसते. बिघाड आम्ही नंतर घातलेल्या जिनसांनी होतो.

अर्धा किलो खिम्याच्या नेहमीच्या हंडीचा हिशेब मांडून पाहू. गोळे बांधण्यासाठी ५० ग्रॅम भाजक्या डाळ्याचे कूट, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पिष्ट. भिजवून पिळलेले ब्रेडचे दोन काप, सुमारे २५ ग्रॅम. सालनात ६० ग्रॅम गूळ, सुमारे ५५ ग्रॅम. या तीनच जिनसांतून ११० ग्रॅम झाले. चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एका चपातीहून अधिक पिष्ट सालनातूनच गेले. चपात्या आणि भात अजून यायचेच आहेत.

आमच्या घरच्या मंडळींनी चार-सहा वेळा हंडी बिघडवून शेवटी जी रीत बसवली ती अशी आहे.

खिमा धुऊन चाळणीत पूर्ण निथळावा. ओला खिमा हेच गोळा फुटण्याचे पहिले कारण. डाळे आणि ब्रेड दोन्ही वर्ज्य. त्याऐवजी एक अंडे, दोन चमचे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे कूट आणि एक चमचा भाजून वाटलेली खसखस. आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, गरम मसाला नेहमीप्रमाणे. मीठ आधीच घालावे आणि पाच-सात मिनिटे हाताने चांगला मळावा. मीठ आणि मळणे यांनी मांसातलेच प्रथिन चिकट होते आणि तेच गोळा धरून ठेवते. पिठाची गरज लागते ती मळण्याचा कंटाळा केला तर. मळून झाल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा, मग लिंबाएवढे वीस गोळे करावेत.

सालनासाठी दोन कांदे थोड्या तेलात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतावेत. घाई करू नये, कांद्याची स्वतःची गोडी इथेच बाहेर येते. मग चार पिकलेले लाल टोमॅटो वाटून घालावेत आणि तेल सुटेपर्यंत शिजवावेत. दालचिनीचा एक तुकडा आणि अर्धा चमचा बडीशेपेची पूड घालावी. या दोघींत गोडी नसते, पण जिभेला गोडीचा भास होतो. अर्धी वाटी घोटलेले दही, आच कमी करून. पाणी घालून उकळी आली की गोळे एकेक सोडावेत. चमचा लावू नये, हंडी दोन्ही कानांना धरून हलवावी. वीस-पंचवीस मिनिटांत मटणाचे गोळे होतात, कोंबडीचे त्याआधी. एक फोडून आत कच्चा नाही ना, हे पाहावे.

आता आंबट-गोडाचा मुद्दा. आम्ही पूर्वी मूठभर चिंच घालत होतो. तिचा आंबटपणा मारण्यासाठी गूळ लागत होता. गूळ अधिक झाला की पुन्हा चिंचेचा कोळ. उधारी फेडण्यासाठी नवी उधारी काढावी, तसा हा प्रकार. चिंच निम्म्याहून कमी केली, सुमारे १५ ग्रॅम, आणि गुळाची मागणी आपोआप उतरली. चिंचेतही साखर असते, त्यामुळे हा दुहेरी फायदा. शेवटी साऱ्या हंडीत सुपारीएवढा, पाच ग्रॅमचा गुळाचा खडा पडतो, तोही तागडीत मोजून. चिंच नको असेल तर एक चमचा सिरका उतरवताना घालावा. सिरक्याची तारीफ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सालन म्हणून केल्याचे हदीसमध्ये आले आहे.

या हंडीत कांदा, टोमॅटो, दही, चिंच, गूळ, खोबरे सगळे धरून पन्नास-पंचावन्न ग्रॅम पिष्ट होते. पाच कोफ्त्यांच्या ताटात माणशी साधारण तेरा-चौदा ग्रॅम. त्याच ताटात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन येते आणि माणूस संध्याकाळपर्यंत बिस्किटाच्या पुड्याकडे पाहत नाही.

दोन इशारे

पहिला इशारा असा की, असे कोफ्ते केले म्हणून सोबत चार चपात्या आणि भाताचे ताट घेतले तर सारे व्यर्थ. एका मध्यम चपातीत २० ते २५ ग्रॅम पिष्ट असते. एक चपाती, भरपूर काकडी, मुळा, कोबी किंवा मेथीची भाजी, आणि कोफ्ते, एवढे पुरते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आम्ही जुम्याच्या बयानात ऐकतो आणि दावतीत विसरतो.

दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांनी एकाएकी पीठ-भात कमी केला तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस कोसळतो. त्या वेळी मात्र साखर किंवा गूळच जीव वाचवतो. म्हणून आधी डॉक्टरांना सांगावे, औषधाची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मांसाचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.

धंद्याची बाजू

हे पान व्यापाराचे आहे, तेव्हा व्यापाराचेही बोलू. शिरूरजवळ रांजणगावला आणि दौंडजवळ कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. पाळीत काम करणारे हजारो लोक डबा किंवा गाडी यांवर जेवतात. गाडीवरचे मंच्युरियन हा आंबट-गोड गोळाच, पण मैदा, कॉर्नफ्लॉवर, साखर आणि बाटलीतला सॉस यांत बुडवलेला. आमच्या पोरांना तो आवडतो, कारण घरातल्या कोफ्त्याचीच ती चव आहे. ज्या घरांतील बायका उत्तम कोफ्ते करतात, पण शिवणकामावर चार पैसे मिळवतात, त्यांनी कमी पिष्टाच्या कोफ्त्यांचा डबा का सुरू करू नये? शुगरवाले गिऱ्हाईक आज प्रत्येक मोहल्ल्यात आहे. दावतीच्या भटाऱ्यांनीही एक हंडी वेगळी लावावी.

फक्त एक अट. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली अशा लहान धंद्यालाही नोंदणी लागते, ती आधी करावी. आणि डब्यावर खरे तेच लिहावे. २०१८ च्या नियमांनुसार शुगर फ्री हे शब्द १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असलेल्या पदार्थावर लिहिता येत नाहीत. कांदा-टोमॅटोच्या सालनाला ते जमणारच नाही. मग लिहावे साधे, "मैदा, ब्रेड, डाळे नाही. संपूर्ण हंडीत ५ ग्रॅम गूळ." गिऱ्हाईक वाचेल, मोजेल आणि विश्वास ठेवेल. साखर नाही, गूळ आहे, असे सांगून वाढणे हे पॉलिस्टरला सुती म्हणण्यासारखे आहे. कपड्यात फसलेल्याचे चार पैसे जातात. इथे पाय जातो, डोळे जातात.

दौंडच्या त्या दावतीत आम्ही काही बोललो नाही. लग्नघरी बोलणे बरे दिसत नाही, असे वाटले. पट्टी बांधलेल्या त्या बंधूला निदान निघताना बाजूला घेऊन सांगायला हवे होते. ते राहून गेले, म्हणून इथे लिहिले. वाचकांनी आपापल्या घरच्या आणि जमातीच्या दावतीत भटाऱ्याला आगाऊ एवढेच सांगावे की गूळ मोजून टाक आणि विचारले तर खरे माप सांग. माप खरे ठेवण्याची तौफिक अल्लाह आम्हा सर्वांना दुकानात देवो, आणि दस्तरखानावरही देवो. आमीन.