विषाणू गोत्र विचारत नाही

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. शोकसभेत ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले की अर्धा तास विज्ञान सांगतात. त्यांचं म्हणणं असं की सुतक म्हणजे विलगीकरण, स्मशानातून आल्यावरची आंघोळ म्हणजे निर्जंतुकीकरण, दारातला कडुलिंब म्हणजे औषध आणि कावळ्याचा पिंड म्हणजे पर्यावरणरक्षण. पूर्वजांना जंतू ठाऊक होते, पण अडाणी जनतेला समजावत कोण बसणार, म्हणून त्यांनी सगळं पापपुण्यात गुंडाळून दिलं! समोर बसलेले डॉक्टरसुद्धा माना डोलावतात.

आंघोळीचं मान्य. ती कुठूनही आल्यावर केलेली बरीच. कावळा वड-पिंपळाच्या बिया पसरवतो हेही खरं. पण तेच काम वटवाघूळ आणि साळुंकीही करतात, त्यांना कुणी पान वाढलेलं पाहण्यात नाही.

सुतकावर मात्र जरा बैठक मारून बोलू. सपिंडांना, म्हणजे बापाकडच्या सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांना, दहा दिवस. नागपुरात चुलते गेले आणि पुतण्या न्यू जर्सीत असला, दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसलं, तरी फोन आला की त्याला सुतक लागतं. बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस, नंतर कळली तर तीन रात्री, वर्ष उलटून कळली तर नुसती आंघोळ. फोनवरून लागणारा आणि निरोप मिळेपर्यंत दम धरणारा हा जंतू कोणत्या प्रयोगशाळेत पाहायला मिळेल? उलट जिनं शेवटचे सहा महिने बापाचं हगणंमुतणं काढलं, त्या सासुरवाशीण लेकीला तीनच दिवस. ज्या शेजाऱ्यानं तिरडी बांधली, खांदा दिला, तो आंघोळ करून संध्याकाळी दुकान उघडायला मोकळा. संन्याशाचं सुतकच नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघडा: ब्राह्मणाला 10 दिवस, क्षत्रियाला 12, वैश्याला 15, शूद्राला 30. राजाला राज्यकारभारापुरतं नाहीच. म्हणजे विषाणू आधी गोत्र विचारतो, मग जात, आणि सिंहासन दिसलं की मुजरा करून मागं फिरतो.

बरं, हे विलगीकरण तरी कसलं? सुतकाच्या घरी उलट माणसांची रीघ लागते. चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. भेटायला आलेले जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात आणि जाताना ‘येतो’ न म्हणता उठतात. खरं विलगीकरण आपण 2020 साली पाहिलं. दार बंद, खांद्याला माणूस नाही, शेवटचं दर्शन मोबाइलच्या पडद्यावर. त्या घरांनी सुतकही पाळलं. ज्यांनी दोन्ही भोगलं, त्यांना या गृहस्थांनी फरक समजावायला जावं.

यांच्याशी माझा वाद जुना आहे. मुलीनं बापाला अग्नी द्यावा की नाही, यावर एकदा जुंपली होती. तेव्हा यांच्या तोंडी विज्ञान नव्हतं; थेट ‘धर्मसिंधू’ होता. विद्युतदाहिनीवरून वाद झाला त्या वेळी दोन्ही बाजूला ठेवून हे भावनांवर आले. सोयीचं तेवढंच शास्त्र!

मग या सगळ्याला अर्थ काय? मला दिसतो तो सांगतो. बाप गेलेल्या मुलाला त्या दिवशी काही सुचत नाही, तेव्हा रीत त्याच्या हाताला काम देते. खांद्यावर पाण्याचं मडकं घे, चितेभोवती फिर, अश्म्यानं, म्हणजे दगडानं, मडक्याला भोक पाडलं की पुन्हा फिर. तोच अश्मा पुढे दहा दिवस सांभाळायचा. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही. तोंडं सुकतात. मग थोरला पुढं होऊन हात जोडतो, ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, आईला अंतर देणार नाही.’ कावळ्याला काय कळतं देव जाणे, पण चार भाऊ, त्यांच्या बायका आणि निम्मं गाव ते ऐकतं. तरीही नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि घरी जातात. रीत करणाऱ्यांना कावळ्याचा भरवसा नव्हता. माणसांना मात्र कधीतरी घरी परतायचं होतं. पुढे तेरावा होतो, आप्त दुखवट्याचे कपडे आणतात, आग्रहानं गोडाचा घास भरवतात. एवढंच. जंतू मारल्याचा दावा मी करत नाही.

माणसांनी माणसांसाठी केलेली रीत असेल तर तिचे आकडे माणसांनाच बदलता येतात. म्हणून माझी सूचना साधी आहे: लग्न झालेल्या लेकीला तीनऐवजी दहा दिवस माहेरी बसू द्या, आणि दहाव्याला पिंडापुढं हात जोडून बोलायचा पहिला मान तिला द्या. गृहस्थांना हे कळवलं आहे. या खेपेला ते सूक्ष्मदर्शक काढतात की पोथी, ते बघू.