हुशार लेकराला कोणता गेम घ्यावा?
लेकरू हुशार आहे, म्हणून कर्ज काढून महागडा व्हिडिओ गेम घेऊ नका. बाजारात सेलवर चालणारा साधा ब्रिक गेम मिळतो. त्यातला टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तयार केला. पडणारे तुकडे फिरवून ओळ जुळवायची. वेग वाढतो तसं डोकंही भराभर चालवावं लागतं. हुशार मुलाला असंच आव्हान हवं. त्याला इंटरनेट लागत नाही, जाहिराती नाहीत, खेळताना पैसे कापले जात नाहीत.

पण हुशार मुलाचे डोळेही इतरांसारखेच थकतात. वेळ ठरवून द्या, रोज बाहेर खेळायला पाठवा. बटण-सेलचा गेम असेल तर झाकण स्क्रूने पक्कं करा. धाकट्या भावंडाने सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.