पहिले पुस्तक जड नको

गेल्या ईदला माझी भाची घरी आली. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "खाला, हा विषय माझ्यासारख्या मुलींसाठी नाही." ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. विश्वाची उत्पत्ती आणि प्रसरण शिकण्याची हौस, म्हणून साठवलेल्या ईदीतून तिने स्कॉट डोडेलसन यांचे 'मॉडर्न कॉस्मॉलॉजी' मागवले होते. दोन प्रकरणांतच अडकली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम असल्याने तिला वाटले, आपले इंग्रजीच कच्चे.

मी पाने चाळली. पुस्तक उत्तम आहे, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. दोष ना तिचा, ना पुस्तकाचा. क्रम चुकला होता.

पालकांनो, असे पुस्तक घेताना नुसते नाव पाहू नका. 'इंट्रोडक्शन टू कॉस्मॉलॉजी' या एकाच नावाची एकाहून अधिक पुस्तके आहेत. डॉ. जयंत नारळीकरांचे पुस्तक आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेचे गणित सुरुवातीलाच शिकवते. बार्बरा रायडन यांचे पुस्तक पदवीच्या मुलांना झेपेल अशा बेताने पुढे जाते. त्याहून आटोपशीर म्हणजे अँड्र्यू लिडल यांचे 'अॅन इंट्रोडक्शन टू मॉडर्न कॉस्मॉलॉजी'. प्रकरणे छोटी आहेत आणि विश्वप्रसरणाचे मुख्य समीकरण न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून समजावले आहे. बारावीचे कलन पक्के असेल तर तिथून सुरुवात करता येते.

गणित नको, नुसती ओळख हवी असेल तर नारळीकरांचे मराठी 'आकाशाशी जडले नाते' आधी घरात आणा. ते आईवडीलही वाचू शकतात.

दुसरी गोष्ट, आवृत्तीचे साल. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८मध्ये कळले. त्याआधीच्या पुस्तकात ते सापडणार नाही. स्टीव्हन वाइनबर्ग यांचे 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' १९७७चे आहे. वाचनीय आहे, पण एकट्या त्याच्यावर थांबू नये.

तिसरी गोष्ट, सरावाची उदाहरणे. विकत घेण्याआधी ग्रंथालयातून पुस्तक आणा आणि हबलच्या नियमाचे प्रकरण काढा. दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ७० किलोमीटर असा वेग धरला, तर १०० मेगापार्सेकवरची दीर्घिका किती वेगाने दूर जाते? ७० गुणिले १००, सेकंदाला ७००० किलोमीटर. इतके मुलाने स्वतः कागदावर मांडले आणि पुढची दोन पाने पेन्सिल हातात घेऊन समजली, तर ते पुस्तक त्याचे. दर ओळीला अडखळला, तर एक पायरी खालचे घ्या. त्यात कमीपणा नाही.

भाचीला मी लिडल यांचे पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयातून काढायला लावले. अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ती समासात नव्हे, वहीत उर्दूत लिहिते. पुस्तक परत करायचे असते ना! परवा तिचा फोन आला. चौथ्या प्रकरणातले एक उदाहरण सुटत नव्हते, त्याबद्दल विचारत होती. विषय आपला नाही, हे मात्र पुन्हा म्हणाली नाही.

ते ईदीचे पुस्तक कपाटात आहे. एम.एस्सी.ला लागेल.